नावाला चिकटलेली लाज

घरात मूल जन्मले आणि आईबापांनी हौसेने त्याचे नाव ‘लाज’ या अर्थाचे ठेवले, असे सहसा होत नाही. आपल्याकडे दगडू, धोंडू, केरू अशी नावे ठेवण्याची रीत होती. पण आधीची मुले दगावलेली असत आणि अशा टाकाऊ नावाच्या पोराकडे तरी काळाची नजर वळू नये, एवढीच त्यामागे माया असे. बायबलच्या जुन्या करारातील मफीबोशेथ या नावाला मात्र अशी मायेची पार्श्वभूमी नाही. ‘बोशेथ’ म्हणजे लाज. पूर्वार्धाबद्दल एकमत नाही. कोणी संपूर्ण नावाचा अर्थ ‘लाजेच्या मुखातून’ असा लावतात, तर कोणी ‘लाज उधळून लावणारा’ असा. इस्राएलाचा पहिला राजा शौल याच्या नातवाचे, योनाथानासारख्या शूर राजपुत्राच्या मुलाचे हे नाव कोणी आणि का ठेवले असेल?

बापाने ते ठेवले नसावे. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात ज्याला मफीबोशेथ म्हटले आहे, त्याच योनाथानपुत्राचे नाव इतिहासाच्या पहिल्या पुस्तकातील वंशावळीत मरीब्बाल असे येते. त्याचा काका एका ठिकाणी ईशबोशेथ आहे, तर दुसऱ्या ठिकाणी एश्बाल. गिदोन या जुन्या इस्राएली सेनानीला मिळालेले यरुब्बाल हे नावही शमुवेलात यरुब्बेशेथ होऊन बसले आहे. तीन नावांत एकच अदलाबदल दिसते, तेव्हा ती हातचूक नव्हे. ‘बआल’ हे कनानी लोकांच्या पर्जन्यदेवाचे नाव. संदेष्ट्यांचा त्याच्यावर इतका राग होता, की पुढील काळातील लेखनिकांनी पोथी उतरवून काढताना जुन्या माणसांच्या नावांतून त्याला हुसकून तिथे ‘लाज’ बसवली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. अक्कादी या प्राचीन मेसोपोटेमियाच्या भाषेतील तेज किंवा प्रतिष्ठा या अर्थाच्या एका शब्दाशी ‘बोशेथ’चे नाते जोडून, यात निंदा नव्हतीच, असे म्हणणारेही काही आहेत. मला पहिलाच उलगडा पटतो. देवाचे नाव पुसण्यासाठी माणसाचे नाव खरवडण्याची खोड फार ओळखीची आहे.

गंमत अशी, की ‘बआल’ हा मुळात साधा शब्द: धनी, मालक, नवरा. शौलाच्या काळात इस्राएलाच्या स्वतःच्या देवालाही लोक धनी म्हणत असावेत, आणि मरीब्बाल या नावातला धनी तोच असू शकतो. इस्राएलातील एला खोऱ्यात खिर्बेत कैयाफा येथे 2012 साली सापडलेल्या, सुमारे 3000 वर्षांपूर्वीच्या मडक्याच्या तुकड्यांवर ‘एश्बाल बेन बेदा’, म्हणजे बेदाचा मुलगा एश्बाल, हे नाव वाचता आले. तो राजाचा मुलगा नव्हे, दुसराच कोणी. पण भाजण्यापूर्वी ओल्या मातीत ते नाव कोरणाऱ्याला त्यात लपवण्यासारखे काही वाटले नव्हते, हे उघड आहे. पुढे होशेय संदेष्ट्याच्या तोंडून देव इस्राएलाला सांगतो, की तू मला यापुढे ‘माझा बआल’ न म्हणता ‘माझा पती’ म्हणशील. शब्दाला तो चिकटलेला वास तेव्हा असह्य झालेला होता. तरीही आजच्या हिब्रूत बायको नवऱ्याचा उल्लेख ‘बआली’ असाच करते. म्हणजे पोथीतून घालवलेला धनी घरात सुखरूप आहे.

मफीबोशेथाचे दुर्दैव असे, की बदललेले नाव त्याच्या आयुष्याला चपखल बसते. तो पाच वर्षांचा असताना बाप आणि आजा लढाईत पडल्याची बातमी आली, दाई त्याला उचलून पळत सुटली, तो तिच्या हातून पडला आणि दोन्ही पायांनी लंगडा झाला. लो-दबार या गावी तो परक्याच्या आश्रयाला राहिला. शौलानंतर राजा झालेल्या दावीदाने योनाथानाच्या मैत्रीला जागून त्याला आपल्या पंक्तीला बसवले, तेव्हा ‘माझ्यासारख्या मेलेल्या कुत्र्याकडे आपण का पाहावे?’ असे तो म्हणाला. पुढे सीबा या चाकराने त्याच्यावर फितुरीचा आळ घेतला आणि दावीदाने जमीन दोघांत वाटून दिली, तेव्हा ‘त्यालाच सगळी घेऊ द्या’ असे सांगून तो मोकळा झाला. हे सारे वाचणाऱ्याला वाटते, की नाव आणि नशीब जन्मतःच जुळलेले होते. लेखणीच्या एका फिरवणीने हा भास होतो, आणि त्या लेखनिकाला माझ्या मते याचा जाब विचारायला हवा. खरे नाव ‘बआलाशी भांडणारा’ किंवा ‘बआल ज्याची बाजू लढवतो तो’ असे काहीसे होते. कसेही वाचले तरी ते झुंजणाऱ्या घराण्याचे नाव आहे.

शौलाचा रिस्पे या उपपत्नीपासून झालेला एक मुलगाही मफीबोशेथच होता. शौलाने ज्यांची कत्तल केली होती त्या गिबोनी लोकांच्या सूडासाठी शौलाचे सात वंशज देण्याची वेळ आली, तेव्हा दावीदाने योनाथानाच्या मुलाला राखले आणि रिस्पेच्या मुलाला त्यांच्या हवाली केले. राखलेल्याचा वंश वाढला. इतिहासाच्या पुस्तकात त्याचा मुलगा मीखा याच्यापासून पुढे पिढ्यान्‌पिढ्या नावे मोजत नेली आहेत, आणि त्या यादीच्या टोकाला ऊलाम या वंशजाचे धनुर्धारी मुलगे व नातू उभे आहेत, 150 जण. ही सारी वंशावळ मरीब्बाल या नावाखाली नोंदलेली आहे.