एका युजरच्या मेमरीला कुंपण घालताना

आमचा लिनक्स सर्व्हर सामायिक आहे, 64 जीबी मेमरीचा. एके दिवशी त्यावर कुणालाच लॉगिन होईना. एसएसएच (दुरून लॉगिन करायची सोय) जोडलं जायचं, पासवर्ड दिला की पुढे काहीच नाही. बऱ्याच वेळाने मशीन मोकळं झालं तेव्हा डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) नोंदींमध्ये, कारण सापडलं. एका सहकाऱ्याच्या स्क्रिप्टने जवळजवळ सगळी मेमरी गिळली होती, पण कर्नलच्या ओओएम किलरने (मेमरी संपली की एखादा प्रोग्रॅम मारून जागा करणारी यंत्रणा) मारला होता दुसऱ्याच माणसाचा डेटाबेस. ज्याचा काही संबंध नव्हता त्याचं काम वाया गेलं, हे मला फार लागलं.

सुरुवात लिमिट्स.कॉन्फ या युजरवरच्या मर्यादा लिहायच्या फाइलपासून केली. तिथे ‘आरएसएस’ नावाची मर्यादा आहे, प्रत्यक्ष वापरात असलेल्या मेमरीची. ती लिहिली, नव्याने लॉगिन केलं (लॉगिन तपासणारी पॅम ही यंत्रणा ती फाइल लॉगिनच्या वेळीच वाचते), मर्यादा दाखवणाऱ्या युलिमिट कमांडने आकडाही बरोबर दाखवला. चाचणीची स्क्रिप्ट मात्र तो आकडा ओलांडून बिनदिक्कत पुढे गेली. मॅन पेज (लिनक्समधलं माहितीपान) नीट वाचलं तेव्हा कळलं, कर्नल 2.4.30 पासून लिनक्स ही मर्यादा जुमानतच नाही.

मग ‘एएस’, म्हणजे अ‍ॅड्रेस स्पेसची (प्रोग्रॅमने मागून ठेवलेल्या, वापरलेल्या-न वापरलेल्या सगळ्या जागेची) मर्यादा, 8 जीबीवर ठेवली. आता जावाचे काही प्रोग्रॅम सुरूच होईनात, कारण जावा प्रत्यक्षात वापरते त्याच्या कितीतरी पट जागा आधीच राखून ठेवते. शिवाय ही मर्यादा प्रत्येक प्रोसेसला, म्हणजे चालू असलेल्या एकेका प्रोग्रॅमला, वेगळी लागते. मी एकाच युजरकडून सहा प्रोसेस चालवून पाहिल्या. प्रत्येकीने सात-सात जीबी घेतले आणि एकीनेही नियम मोडला नाही. माझा सगळा गोंधळ इथेच होता. लिमिट्स.कॉन्फमध्ये ओळ युजरच्या नावाने लिहायची, पण प्रोसेसच्या संख्येसारखे एक-दोन अपवाद सोडले तर हिशोब एकेका प्रोसेसचाच.

युजरचा एकत्रित हिशोब ठेवतात सीग्रुप, म्हणजे कर्नलने एकत्र मोजायचे प्रोसेसचे गट. लिनक्समधल्या सेवा सांभाळणारं सिस्टमडी लॉगिन केलेल्या प्रत्येक युजरसाठी असा एक गट, स्लाइस, बनवतं, उदाहरणार्थ युजर-1001.स्लाइस. सिस्टमडीच्या सिस्टमसीटीएल कमांडमधल्या सेट-प्रॉपर्टीने मी त्यावर मेमरीहाय 7 जीबी आणि मेमरीमॅक्स 8 जीबी लावलं. नव्याने लॉगिन करायचीही गरज पडली नाही. मेमरीहायला पोचलं की कर्नल त्या युजरच्या प्रोसेसचा वेग दाबतं आणि मेमरी परत घेऊ लागतं. मेमरीमॅक्सला पोचूनही जागा होत नसेल तर त्या स्लाइसमधलीच प्रोसेस मारतं. स्वॅपचा, म्हणजे मेमरी कमी पडली की वापरल्या जाणाऱ्या डिस्कवरच्या जागेचा, हिशोब वेगळा असतो, म्हणून मेमरीस्वॅपमॅक्स शून्य केलं. नाहीतर पहिल्या दिवसासारखं मशीन डिस्कवर घरघरत बसलं असतं.

पुन्हा त्याच सहा प्रोसेस सोडल्या आणि शेजारच्या टर्मिनलमध्ये चालू प्रोसेस दाखवणारं टॉप उघडून बसलो. वापर चढत गेला, सातपाशी रेंगाळला, आणि मग एकेक प्रोसेस ‘किल्ड’ म्हणत पडली. टॉप एकदाही अडखळलं नाही, डेटाबेस तसाच चालू. त्या स्लाइसच्या मेमरी.इव्हेंट्स फाइलमधला ओओएम_किलचा (मारलेल्या प्रोसेसचा) आकडा शून्यावरून पाचवर गेला होता.

सगळ्या युजरना हीच मर्यादा लागावी म्हणून ती युजर-.स्लाइस.डी या फोल्डरमधल्या एका छोट्या फाइलमध्ये लिहून ठेवली. आठवडाभराने एकीने विचारलं, “माझं काहीच चालू नाही, तरी सहा जीबी कसे दिसतात?” तिच्या स्लाइसची मेमरी.स्टॅट फाइल उघडून दाखवली: बहुतेक आकडा तिने वाचलेल्या फाइलींच्या कॅशचा (मेमरीत ठेवलेल्या प्रतींचा) होता. सीग्रुप तोही तिच्याच नावावर धरतं, आणि गरज पडली की कर्नल तो आधी रिकामा करतं.