दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं

भोपळ्याचं फूल पहाटे उघडतं. दोडक्याचं मात्र दिवस कलताना. आमच्या ठाण्यातल्या सोसायटीच्या गच्चीवर श्रावण-भादव्यात साडेपाच-सहाला मांडवाकडे बघत उभं राहिलं, की पिवळ्या कळ्या एकेक करून सुटताना दिसतात. इतक्या उंचावर मधमाश्या फारशा येत नाहीत, मग त्यांचं काम आम्हीच करतो. नर फुलं घोसात असतात. मादी फूल एकटं असतं आणि त्याच्या बुडाशी करंगळीएवढा कोवळा दोडका आधीपासूनच असतो. नर फूल खुडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या आणि आतले परागकण मादी फुलाच्या मध्यावर अलगद टेकवून फिरवायचे. धरलं, तर दोन-चार दिवसांत दोडका मान खाली घालून वाढायला लागतो. नाही धरलं, तर पिवळा पडून गळतो.

हे एवढं बारकाईनं सांगतेय, कारण तीच वेळ माझी सगळ्यात वाईट असायची. दुपार कशीतरी जाते. जेवण, झाकपाक, वामकुक्षी. पण दिवेलागणीला घर अंगावर येतं. यांना जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. मुलगी नागपूरला. तिचा फोन रोज रात्री आठला यायचा आणि ती हटकून विचारायची, "आई, सर्दी झालीय का? आवाज बसलाय तुझा." सर्दी नव्हती. सकाळपासून मी तोंडातून शब्दच काढलेला नसायचा. पोस्टात ३४ वर्षं काउंटरवर बसले, दिवसाला शे-दीडशे माणसांशी बोलले. आणि आता दूधवालासुद्धा दाराला पिशवी अडकवून निघून जात होता. तिचं ते "सर्दी झालीय का" ऐकून एकदा फोन ठेवल्यावर मी खूप रडले.

गच्चीवर मी गेले ते वाळवणासाठी. तिथे बी विंगमधली एक मुलगी, कॉम्प्युटरवर काम करणारी, प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये मेथी पेरून बसली होती. मेथी पिवळी पडलेली. नुसत्या लाल मातीत पेरलेली आणि पाणी तुंबलेलं. मी न राहवून म्हटलं, "अगं, हिला श्वास घ्यायला जागा कुठे ठेवलीस?" माझं माहेर तासगावचं. वडील द्राक्षवाले. शेतीत प्रयोग करणाऱ्या श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराचं नाव त्यांच्या तोंडी सतत असायचं. शेतकऱ्यानं आपल्या बागेत प्रयोग करायचा आणि जे कळलं ते दुसऱ्याला सांगायचं, झाकून ठेवायचं नाही. माती विकत आणायची नसते, पालापाचोळ्यातून घडवायची असते, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. चाळीस-पन्नास वर्षं ते डोक्यात नुसतं पडून होतं.

त्या मुलीनं मला रविवारी सकाळी सातला यायला सांगितलं. मी गेले. पुढच्या रविवारी आम्ही चौघी होतो.

पाल्याची माती व्हावी म्हणून तो ज्यात भिजवायचा, ते अमृतजल आम्ही असं करतो: दहा लिटर पाणी, एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र, पन्नास ग्रॅम काळा गूळ. तीन दिवस झाकून ठेवायचं, रोज ढवळायचं, चौथ्या दिवशी दहापट पाणी घालायचं. त्यात वाळका पाला दिवसभर भिजवायचा आणि थर देत क्रेट भरायचे, मध्ये मूठ-मूठ माती. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी तिथल्याच देठ-सालींच्या ओल्या कचऱ्यावर बाग उभी केली, ते आम्हाला ठाऊक होतं. तिथे जमलं तर आपल्याला का नाही, एवढाच आमचा हिशोब. कोपऱ्यावरच्या रसवंतीवाल्याकडून उसाची चिपाडं आणली. त्याला ती फेकायचीच होती. चिपाडं हलकी असतात आणि ओल धरून ठेवतात.

हलकं असणं फार महत्त्वाचं. सोसायटीतल्या एका स्ट्रक्चरल इंजिनिअरनं सांगितलं, की वावरायच्या गच्चीवर चौरस मीटरला साधारण दीडशे किलो एवढाच भार धरलेला असतो. ओल्या मातीचे ड्रम ओळीनं मांडले तर तो कधी ओलांडला ते कळणारही नाही. म्हणून आमचे क्रेट जेमतेम फूटभर खोल, बीमच्या रेषेत आणि विटांवर उचलून ठेवलेले. गच्चीवर बाग करणाऱ्या प्रत्येकानं बियाणं आणण्याआधी हे विचारून घ्यावं, असं मी कळकळीनं सांगेन.

पहिल्याच पावसाळ्यात सातव्या मजल्यावरच्या काकांच्या बेडरूमच्या छताला ओल आली. ते तावातावानं वर आले. कमिटीच्या मीटिंगमध्ये बाग उचला असा विषय निघाला, आणि त्यांचं चुकतही नव्हतं. आमचा पाला पाण्याच्या जाळीत जाऊन अडकला होता, पाणी बोटभर साचून राहिलं होतं. चूक आमची. आम्ही क्रेट हलवले, सगळ्या जाळ्या साफ केल्या, वर्गणी काढून त्या कोपऱ्याचं वॉटरप्रूफिंग करून घेतलं. काका मात्र त्यानंतर रोज जाळी तपासायला वर यायला लागले. आधी हात मागे बांधून नुसते उभे राहायचे. मग एक दिवस जाळीतला पाला काढून त्यांनी तो स्वतःच खताच्या ड्रममध्ये टाकला. मग तो ड्रमच त्यांच्याकडे गेला.

काका बोलके नाहीत. ज्येष्ठ नागरिकांच्या कार्यक्रमात शेवटच्या रांगेत बसून अल्पोपाहाराआधी उठून जाणारे. पण खत चाळताना, नजर चाळणीवर, ते एकदा एकदम म्हणाले, "हिला आता माझं नाव आठवत नाही." मी तण उपटत होते, उपटतच राहिले. त्यांनी आणखी बरंच सांगितलं. समोरासमोर खुर्च्या टाकून बसलो असतो, तर त्यांनी एक वाक्यही उच्चारलं नसतं, याची मला खात्री आहे. हात मातीत असले की डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही. आता काकूंनाही ते रविवारी वर घेऊन येतात. काकू पुदिन्याचं पान चुरून वास घेतात आणि हसतात. तेवढंच, पण काका ते हसू बघत उभे असतात.

माझ्या मुलीनं मला एका डच प्रयोगाबद्दल सांगितलं होतं. २०११ साली तो प्रसिद्ध झाला. बागकाम करणाऱ्या तीस जणांना आधी ताण येईल असं काम दिलं, मग निम्म्यांना अर्धा तास बागकाम आणि निम्म्यांना घरात बसून वाचन. ताणाचं संप्रेरक दोन्हीकडे उतरलं, पण बागेतल्यांचं जास्त उतरलं. मला ते सहज पटलं. पण आमच्या गच्चीवर जे झालं ते माझ्या मते निव्वळ मातीमुळे झालं नाही. ते पाण्याच्या पाळ्यांमुळे झालं. मंगळवार आणि शुक्रवार माझा. मी गेले नाही तर पालक कोमेजणार आणि बुधवारवाला विचारणार, "ताई, काल बरं नव्हतं का?" कुणीतरी आपल्याला शोधत येणं, याची सवयच मोडली होती माझी.

खरं सांगायचं तर या भाजीनं कुणाच्या घरचा भाजीचा खर्च कमी झालेला नाही. जे निघतं ते त्या दिवशी आलेल्यांत वाटायचं. कधी प्रत्येकी चार भेंड्या, कधी मूठभर चुका. आणि सगळे येतातच असंही नाही. लिफ्ट सातव्यापर्यंतच, वर अठरा पायऱ्या. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचे गुडघे ते सोसत नाहीत. त्यांच्यासाठी खाली कंपाउंडच्या भिंतीलगत कमरेएवढ्या उंचीवर तीन क्रेट ठेवलेत, खुर्चीत बसून हात पोचेल असे. त्या अजून आलेल्या नाहीत. आम्ही कोथिंबीर पेरत राहतो.

मागच्या वर्षी ए विंगमधल्या घरी त्रिशूरहून एक अम्मा राहायला आल्या. मल्याळमशिवाय एकही भाषा नाही. मुलगा-सून दिवसभर कामाला, त्या गॅलरीत उभ्या. एका संध्याकाळी वॉचमननं त्यांना वर आणून सोडलं. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून नुसत्या माना हलवत होतो. मग त्यांची नजर मांडवाच्या टोकाला गेली. तिथे पडवळाला फूल आलं होतं, पांढरं, कडांना धाग्यांची झालर असलेलं. तेही अंधार पडतानाच उघडतं. त्या बोट दाखवून मोठ्यानं म्हणाल्या, "पडवलंगा!"

मी म्हटलं, "पडवळ!"

"पडवलंगा."

"पडवळ, अम्मा, पडवळ."

दोघींच्या डोळ्यांत पाणी. मग त्यांनी इकडेतिकडे बघून कुंडीतला सुपारीएवढा खडा उचलला, सुतळीचा तुकडा मागितला, आणि वेलीवरच्या कोवळ्या, वाकड्या पडवळाच्या टोकाला तो हलक्या फासानं बांधला. सरळ वाढावं म्हणून. माझी आई तासगावात अगदी हेच करायची, याच बोटांनी, अशीच जीभ दातांत धरून. पाच महिने त्या रोज संध्याकाळी आल्या. दोडक्याची फुलं त्यांच्या हातून जितकी धरली, तितकी कुणाच्याच हातून नाही.

मे महिन्यात त्या गावी गेल्या. जाताना पडवळाचं बी कागदात बांधून देऊन गेल्या. जूनमध्ये मी ते पेरलं, परवा पहिलं पडवळ वीतभर झालं. संध्याकाळी त्यांच्या सुनेनं व्हिडिओ कॉल लावून फोन माझ्या हातात दिला. मी तो वेलाकडे धरला. अम्मांनी डोळे बारीक करून बघितलं, मग बोटांच्या चिमटीनं गाठ मारल्यासारखा हात केला आणि भुवया उंचावल्या. बांधला का?

नव्हता बांधला. मी फोन काकांच्या हातात दिला आणि खडा शोधायला लागले.