डेल्टा ५६ चं भूत सापडलं, आणि ते पांढरं निघालं

मंडळी, माझा कॉम्प्युटर का तापतो ते सापडलं एकदाचं. दीड महिना डोकं खाल्लं त्यानं, आणि सापडल्यावर स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

मागचं आठवत असेलच, प्रोसेसरसोबत आलेला स्टॉक कूलर ओढला तर रायझन ५ ३६०० प्रोसेसरच सॉकेटमधून उखडून सोबत वर आला, रात्रभर पिना सरळ करत बसलो, मग डीपकूलचा एके ४०० कूलर बसवला. फेब्रुवारीत खोली २७, सिनेबेंच आर२३ (प्रोसेसरला पूर्ण ताण देणारी टेस्ट) दहा मिनिटं, ६९ वर गाडी थांबली. डेल्टा, म्हणजे प्रोसेसर आणि खोलीतला फरक, ४२. लय फुशारकी मारली होती मी तेव्हा.

एप्रिलमध्ये खोली ३९ आणि प्रोसेसर थेट ९५, डेल्टा ५६. म्हणजे त्याची लिमिटच, तिथून पुढं तो स्वतःच क्लॉक (वेग) पाडतो, ३.९ गिगाहर्ट्झवरून ३.६ वर आला. ज्याला विचारलं तो म्हणे वर्ध्याकडचा उन्हाळा आहे भाऊ, वरून टिनाचं छप्पर, एसी घे. अरे पण हिशोब करा ना! खोली १२ डिग्रीनं तापली तर प्रोसेसरही साधारण १२ नंच वर जाईल, ६९ चा ८१ होईल. वरचे १४ कुठून आले? कूलर कितीही भारी असू द्या, खोलीच्या खाली तो नेत नाही हे मान्य, पण डेल्टा त्यानं राखायला पाहिजे. म्हणून सांगतो, नुसतं टेम्परेचर लिहून मदत मागू नका, खोलीचं पण लिहा.

पहिला संशय पेस्टवर, म्हणजे प्रोसेसर आणि कूलरच्या मधे लावतात ती. नागपूरच्या बर्डीवरनं आणलेली ट्यूब दाबली तर आधी तेल आणि मग चुना निघाला, दुकानदार म्हणे नवीनच आहे. ती फेकली, एमएक्स-४ पेस्ट मागवली, तर कुरिअरवाला तालुक्याच्या पुढं येत नाही, आर्वीला जाऊन आणावी लागली. तीनदा पेस्ट बदलली, दर वेळी आधी दहा मिनिटं लोड देऊन गरम केला आणि कूलर गोल पिळत सोडवला (शहाणपण आलंय आता). स्क्रू कोपऱ्याकोपऱ्यानं आवळले. ६० डिग्रीलाच फॅन फुल स्पीडनं फिरेल असा फॅन कर्व्ह करून टाकला, तर खोलीत पिठाची चक्की सुरू आहे असं वाटे. काहीच फरक नाही. साइड पॅनल काढून पाहिलं तर फक्त २ डिग्री उतरले. इथंच कळायला पाहिजे होतं मला, की कॅबिनेटची हवा ठीक आहे, घोळ आत कुठंतरी आहे.

परवा दुपारी लाइन गेली. घामानं जीव चाललेला, करायला काही नाही, म्हणून एके ४०० च्या फॅनची क्लिप सोडली, बेअरिंग पाहावं म्हटलं. फॅन बाजूला केला आणि मागं कूलरच्या फिनच (उष्णता सोडणाऱ्या पातळ पट्ट्या) दिसेनात! पांढऱ्या नमद्याचा सलग थर. नखानं कोपरा उचलला तर अख्खा पापुद्रा एकसंध निघून हातात आला, त्यावर फिनांच्या बारीक रेघा उमटलेल्या, जशी वहीच. माय मागं उभी होती, म्हणे, "फेकतं काऊन रे, वाती होतीन त्याच्या."

तर मंडळी, कापूस. डिसेंबरपासून माझ्याच खोलीत छतापर्यंत भरलाय, भाव वाढला की काढू म्हणून बाबा थांबलेत. अंगाला खाज सुटते ती वेगळी. येता-जाता रुई उडते, हे काय मला माहीत नव्हतं? म्हणून तर दर रविवारी ब्लोअर मारत होतो, पण समोरून, फॅनवर! म्हणजे जी उडून जायची ती रुई मीच आत ठासत होतो, आणि पात्यांच्या मागं असल्यामुळं दिसायची पण नाही. त्यात एप्रिलची माझी हुशारी, पाण्याच्या कूलरचं तोंड कॅबिनेटकडं. कोरडी रुई उडते, ओलसर चिकटते. बोअरच्या पाण्याच्या क्षाराचे पांढरे ठिपके ग्राफिक्स कार्डवर आलेत ते बोनस.

साफ करून रन मारला: खोली ४१, प्रोसेसर ८४. डेल्टा ४३! फेब्रुवारीपेक्षा फक्त एक जास्त. दोन वेळा चालवला, खोटं वाटत होतं. बर्डीच्या भाऊला दिलेल्या शिव्या अर्ध्या परत घेतो, ट्यूब मात्र वाळलेलीच होती.

लगे हात बायोसमध्ये इको मोड लावला, म्हणजे प्रोसेसरला मिळणाऱ्या विजेची मर्यादा (पीपीटी) ८८ वरून ६० वॅट. ७२ वर आला, स्कोअर ९३०० चा ८५००. लग्नाच्या व्हिडिओचा अर्ध्या तासाचा रेंडर तीन मिनिटं जास्त घेईल, नवरा-नवरीला काय फरक पडतो. जूनपर्यंत असंच राहू देतो.

आता रुई अडवायची कशी? पुढच्या फॅनवर मायची जुनी ओढणी ताणून पाहिली, डेल्टा ६ नं वाढला, काढली. ऑनलाइन ती चुंबकवाली जाळी मिळते, खिडकीच्या मच्छरजाळीला चुंबक चिकटवून चौपट भाव लावलेला प्रकार, नाही घेणार. मग मच्छरजाळीच कापून लावायची असं ठरवून हे लिहायला बसलो, आणि लिहिता लिहिता सुचलं की एके ४०० चा फॅन फिनांच्या मागच्या बाजूला का नाही लावायचा? ढकलायच्या ऐवजी ओढू दे. म्हणजे फिनांचं तोंड मोकळं राहील, रुई बसली तरी कॅबिनेटच्या काचेतून दिसेल, आणि रंगाच्या ब्रशनं पुसता येईल, काही खोलायची गरजच नाही.

थांबा, करूनच पाहतो.

केलं. इको मोड काढून रन मारला, डेल्टा ४५. दोन डिग्री गेले, चालतंय. पाण्याच्या कूलरचं तोंड माझ्याकडं फिरवलं. खरी परीक्षा २५ मे ला नवतपा (उन्हाळ्याचे सगळ्यात कडक नऊ दिवस) लागला की, तेव्हा खोली ४४ ला जाते. बाबांना भाव विचारला तर म्हणे अजून आठ दिवस पाहू, आणि काचेतून बॅटरी मारली तर वरच्या तीन फिनांवर पांढरी लव धरायला सुरुवात झालेली आहे.