लघवीच्या रिपोर्टचा चकवा

ठाण्यातल्या एका मध्यम आकाराच्या खासगी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मी सूक्ष्मजीवशास्त्राची डॉक्टर म्हणून काम करते. रुग्णाची आणि माझी गाठ सहसा पडत नाही. माझ्यापर्यंत पोहोचतो तो त्याच्या रक्ताचा, लघवीचा किंवा पुवाचा नमुना आणि सोबत घाईघाईत भरलेला एक फॉर्म. आजाराच्या रकान्यात बहुधा 'ताप' एवढेच लिहिलेले असते. गेल्या पावसाळ्यात अशाच एका फॉर्मवर विसंबून मी एक बिनचूक रिपोर्ट दिला आणि त्या बिनचूक रिपोर्टमुळे एका आजींवर तीन दिवस भलतेच उपचार होत राहिले.

आजी बहात्तर वर्षांच्या. जिन्यावरून घसरून खुब्याचे हाड मोडले म्हणून शस्त्रक्रिया झाली आणि चौथ्या दिवशी संध्याकाळी त्यांना १०२ पर्यंत ताप चढला. जुलै महिना होता, त्यामुळे मलेरिया आणि डेंगीच्या तपासण्या आधी झाल्या. त्या निगेटिव्ह आल्या. शस्त्रक्रियेच्या वेळी घातलेली लघवीची नळी अजून काढलेली नव्हती, तेव्हा ताप लघवीतूनच असणार असे धरून निवासी डॉक्टरांनी लघवीचे कल्चर, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी, पाठवले. दुसऱ्या दिवशी मॅकॉन्की अगर या जंतू वाढवण्याच्या माध्यमाच्या प्लेटवर क्लेब्सिएला या जंतूच्या फुगीर, ओलसर, गुलाबी वसाहती इतक्या दाट उगवल्या होत्या की त्या एकमेकींत मिसळून गेल्या होत्या. मिलिलिटरला १ लाखाहून अधिक जंतू, सेफ्ट्रायॅक्झोन या नेहमीच्या प्रतिजैविकाला दाद न देणारे आणि मेरोपेनेम या अधिक जोरकस प्रतिजैविकाला संवेदनशील, असा रिपोर्ट तिसऱ्या दिवशी माझ्या सहीने वर गेला. त्याच दुपारी मेरोपेनेम सुरू झाले.

या रिपोर्टमधला एकही शब्द खोटा नव्हता. प्रश्न एवढाच होता की आजींच्या लघवीत जंतू असणे आणि आजींना लघवीचा जंतुसंसर्ग असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मूत्राशयात नळी घातली की तिच्या आतल्या-बाहेरच्या पृष्ठभागावर जंतू चिकटतात आणि स्वतःभोवती बुळबुळीत थर तयार करून तिथेच ठाण मांडतात; नळी राहील त्या प्रत्येक दिवसागणिक साधारण ३ ते ७ टक्के रुग्णांच्या लघवीत ते नव्याने दिसू लागतात आणि नळी महिनाभर राहिली तर जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत सापडतात. त्यांतल्या बहुतेकांना काहीही त्रास होत नसतो आणि औषधाची गरजही नसते. लक्षणे नसताना लघवीतल्या जंतूंवर उपचार करायचे ते मुख्यतः गरोदर स्त्रियांमध्ये आणि मूत्रमार्गाची जखम होईल अशा शस्त्रक्रियेपूर्वी. १ लाखाचा जो आकडा आम्ही सगळे इतक्या विश्वासाने वापरतो, तो एडवर्ड कास यांनी १९५०च्या दशकात मांडला, तोही नळी न घातलेल्या स्त्रियांच्या लघवीच्या अभ्यासावरून. आणि हा नमुना नळीच्या पोर्टमधून सुईने घेतला होता की खाली लोंबणाऱ्या पिशवीतून ओतून घेतला होता, हे मी तेव्हा विचारलेसुद्धा नाही. पिशवीतली लघवी तासन् तास साचलेली असते. तिच्यात जंतू वाढणारच.

मेरोपेनेमच्या तिसऱ्या दिवशी अस्थिरोग विभागाच्या सरांचा फोन आला. "मॅडम, ताप अजिबात हटत नाही. कोलिस्टिन देऊ का?" कोलिस्टिन हे जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली केलेल्या वर्गवारीत राखीव म्हणून ठेवलेले औषध आहे, शिवाय मूत्रपिंडाला जड जाणारे. ज्या जंतूवर मेरोपेनेम चालते असे प्रयोगशाळा सांगते आहे, त्याच्यासाठी ते कशाला लागावे, हा पहिला प्रश्न माझ्या मनात आला. आणि दुसरा प्रश्न मी सरांना विचारला, की रक्ताचे कल्चर काय म्हणते. ते पाठवलेलेच नव्हते. फोन ठेवला आणि जिना चढून वॉर्डात गेले.

आजी झोपेत होत्या, श्वास किंचित भरभर चालला होता. उजव्या हाताला सलाईन चालू होते. ऑपरेशनची जखम कोरडी होती, छाती स्वच्छ होती, पोटऱ्यांना सूज नव्हती. डावा हात चादरीखाली होता. चादर बाजूला केली तेव्हा मनगटाच्या वर एक जुने इंट्राकॅथ, म्हणजे सलाईनसाठी शिरेत बसवलेली बारीक नळी, दिसले, पट्टीची कड सुटून काळपट झालेली, आणि तिथून कोपरापर्यंत शिरेच्या वाटेने एक लाल, कडक दोरी हाताला लागत होती. "ते जुने आहे मॅडम, नवीन उजव्या हाताला लावले आहे," सिस्टर म्हणाल्या, "लागलेच तर असावे म्हणून राहू दिले." पट्टी उचलून शिरेवर खालच्या दिशेने हलकेच बोट फिरवले, तर सुईच्या छिद्रातून साबुदाण्याएवढा पुवाचा थेंब वर आला. पाच दिवस कोणीही चादर उचलली नव्हती, आणि मीही प्लेटच्या पलीकडे पाहिले नव्हते.

रक्ताचे कल्चर म्हणजे नुसते रक्त काढून बाटलीत भरणे नव्हे. दोन वेगवेगळ्या शिरांतून, त्वचा क्लोरहेक्झिडिन या जंतुनाशकाने पुसून आणि ती पूर्ण वाळू देऊन, दर वेळी दोन बाटल्या, प्रत्येकीत ८ ते १० मिलिलिटर रक्त. वाळू देण्याचा अर्धा मिनिट आणि रक्ताचे प्रमाण, या दोन गोष्टींतच बहुतेक ठिकाणी काटकसर होते. प्रौढ रुग्णाच्या रक्तात जंतू पुष्कळदा मिलिलिटरला एखाददुसराच असतो, त्यामुळे ३ मिलिलिटर रक्तात शोधायला जाणे म्हणजे मासुंदा तलावात गळ टाकून दोन मिनिटांत उठून जाण्यासारखे आहे. इंट्राकॅथ काढले आणि चारही बाटल्या मी स्वतः खाली नेऊन यंत्रात ठेवल्या.

बाटलीत जंतू वाढले की यंत्र गजर देते. पहाटे तो वाजला. सकाळपर्यंत चारही बाटल्या पॉझिटिव्ह झाल्या होत्या. एकाच बाटलीत त्वचेवरचा स्टॅफिलोकॉकस उगवला तर तो बहुधा नमुना घेताना शिरलेला पाहुणा असतो. चारही बाटल्यांत एकच जंतू असेल तर तो रक्तातच आहे असे समजावे. काचपट्टीवर थेंब पसरून जंतू ओळखण्यासाठी ग्रॅमचा रंग दिला. हान्स क्रिस्टियन ग्रॅम यांनी १८८४ साली मांडलेली ही पद्धत आजही पाच मिनिटांत जे सांगते ते कित्येक महागड्या यंत्रांना तासाभरातही सांगता येत नाही, असे माझे मत आहे आणि यंत्रे विकायला येणाऱ्यांना मी ते आवर्जून ऐकवते. भिंगाखाली जांभळ्या गोलकांचे द्राक्षांसारखे घड दिसले, म्हणजे स्टॅफिलोकॉकस. मेरोपेनेम चालू असतानाही हे गोलक मजेत वाढले होते, त्यावरूनच अंदाज आला आणि दुसऱ्या दिवशी सेफॉक्सिटिन या औषधाच्या चकतीने तो खरा ठरवला: मेथिसिलीनला दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस. मेथिसिलीन हे औषध १९५९ साली आले, १९६१ साली त्याला न जुमानणारे जंतू नोंदले गेले, आणि आता औषध वापरातून गेले तरी जंतूच्या नावात ते राहिले आहे.

काचपट्टी पाहताक्षणी फोन करून अशा जंतूवर चालणारे व्हॅन्कोमायसिन सुरू करायला सांगितले. ते निदान तासभर तरी सावकाश सोडावे लागते, नाहीतर अंग लाल होऊन खाज सुटते. औषधाची रक्तातली पातळी आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन यांच्यावर नजर ठेवावी लागते. हा जंतू रक्तात सापडला की हृदयाच्या झडपांवर तो बसला आहे का हे पाहण्यासाठी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करावाच लागतो, आणि आजींच्या खुब्यात तर नवी धातूची पट्टी होती. रक्ताचे कल्चर निगेटिव्ह येईपर्यंत पुन्हा पुन्हा पाठवायचे आणि औषधाचे दिवस पहिल्या निगेटिव्ह कल्चरपासून मोजायचे. काही गुंतागुंत नसली तरी किमान १४.

हे वाचून कोणी असा अर्थ काढू नये की सगळे रिपोर्ट येईपर्यंत हात बांधून बसावे. रक्तदाब कोसळतो आहे, रुग्ण असंबद्ध बोलतो आहे, अशा वेळी पहिल्या तासाच्या आत प्रतिजैविक गेले पाहिजे. आधी कल्चरच्या बाटल्या भराव्यात, एवढेच.

मेरोपेनेम बंद करणे हे मात्र व्हॅन्कोमायसिन सुरू करण्यापेक्षा अवघड गेले. सरांना धाकधूक होती, आणि आजींचा मुलगा मोबाईलवर लघवीच्या रिपोर्टचा फोटो उघडून माझ्यासमोर उभा राहिला. "मॅडम, इथे स्पष्ट लिहिले आहे, जंतू आहेत. मग औषध बंद का करताय?" माझीच सही असलेला कागद मला दाखवला जात होता. नळी ही पाण्यात बुडालेल्या दोरासारखी असते, तिच्यावर शेवाळ धरतेच, आणि दोर काढला की शेवाळही जाते, असे मी त्यांना सांगितले. त्यांचे पूर्ण समाधान झाले असे वाटत नाही, पण नळी आणि मेरोपेनेम दोन्ही त्याच दिवशी निघाले.

तेव्हापासून लघवीच्या फॉर्मवर नळी आहे का, नमुना कुठून घेतला आणि रुग्णाला नेमका त्रास काय, हे तीन रकाने भरलेले नसतील तर मी आधी वॉर्डात फोन करते. दुसरा बदल लोकांना जास्त खटकला आहे: साधे औषध चालत असेल तर मेरोपेनेमचा निकाल मी रिपोर्टवर छापत नाही, विचारला तर सांगते. रिपोर्टवर प्रत्येक औषधापुढे जंतूची वाढ थांबवायला लागणाऱ्या त्याच्या किमान प्रमाणाचा आकडा असतो, आणि एरवी यादीत ज्याच्यापुढे सर्वांत लहान आकडा दिसतो ते औषध सर्वांत जोरकस, असे समजून निवड होते. प्रत्येक औषधाचा आकडा त्याच्या स्वतःच्या मर्यादेशी ताडायचा असतो, शेजारच्या औषधाच्या आकड्याशी नव्हे, हे वरिष्ठ डॉक्टरांनाही वरचेवर सांगावे लागते. "मॅडम रिपोर्ट लपवतात," अशी कुरकुर कँटीनमधून माझ्या कानावर आली आहे.

व्हॅन्कोमायसिनच्या तिसऱ्या दिवशी आजींचा ताप उतरला. इकोत झडपा स्वच्छ निघाल्या, दुसऱ्या खेपेच्या बाटल्या पाच दिवस यंत्रात गप्प राहिल्या. घरी जायच्या दिवशी मुलाने पुन्हा विचारले, की लघवीचे कल्चर एकदा करून जंतू गेल्याची खात्री करून घ्यायची का. जळजळ, कळ, ताप यांतले काही आहे का, असे मी आजींनाच विचारले. "काही नाही गं, नळी काढल्यापासून सुखाने होते," त्या म्हणाल्या. मग कल्चर पाठवायचे नाही, असे मी मुलाला सांगितले.