होनोलुलूत हंगामपूर्व सामने भरवताना

हवाईत व्यावसायिक फुटबॉल क्लबांचे हंगामपूर्व सामने भरवायचं ठरलं, तेव्हा मी व्यवस्थेच्या बाजूने कामाला लागले. पहिल्या बोलण्यात एकाही क्लबने समुद्रकिनाऱ्याची चौकशी केली नाही. गवत खरं की कृत्रिम, रुंदी किती, सरावाचं मैदान हॉटेलपासून किती लांब, बर्फ किती मिळेल, एवढंच विचारलं. कुणासाठी काम करायचं आहे, ते मला तिथेच कळलं.

हवाईची राजधानी होनोलुलू अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून सुमारे 3,800 किलोमीटरवर आहे. टोकियोहून विमानाला सात तास लागतात. एमएलएस ही अमेरिका-कॅनडाची लीग आणि जपानची जे-लीग या दोन्हींचे हंगाम इतकी वर्षं फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू होत आले. दोघांची तयारी एकाच काळात चालायची, त्यामुळे समुद्राच्या मध्यावर गाठ घालणं सोयीचं होतं. 2008 साली इथल्या अलोहा स्टेडियमवर पॅन-पॅसिफिक चॅम्पियनशिप झाली. बेकहॅमचा एलए गॅलक्सी त्यात होता आणि अंतिम सामन्यात जपानच्या गांबा ओसाकाने एमएलएसच्या ह्यूस्टनला 6-1 असं हरवलं. 2018 मध्ये पॅसिफिक रिम कपसाठी दोन जपानी संघ आणि एमएलएसचे व्हँकुव्हर व कोलंबस असे चौघे आले.

पण क्लबांच्या मनात 2015 सुद्धा असतं. त्या डिसेंबरमध्ये इथे सरावाच्या मैदानावर अमेरिकेची खेळाडू मेगन रपिनो हिचा गुडघा निकामी झाला आणि स्टेडियमच्या कृत्रिम गवताची अवस्था पाहून अमेरिकेच्या महिला संघाचा सामनाच रद्द करावा लागला. ज्या खेळाडूवर वर्षभराची भिस्त, त्याला सराव सामन्यात दुखापत झाली तर क्लबचं सगळं वर्ष वाया जातं. म्हणून मैदानावर आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला.

आमचं मैदान अमेरिकन फुटबॉलचं. त्याची रुंदी जेमतेम 49 मीटर आणि क्लबांना हवी 68. वाढीव पट्टा थेट कडेच्या भागात जात होता. तिथे कृत्रिम गवताचे जोड उचललेले होते आणि खालची रबराची भर विरळ झाली होती. विंगर, म्हणजे कडेने खेळणारा आक्रमक खेळाडू, पूर्ण वेगात नेमका तिथेच धावतो. जोड पुन्हा चिकटवले, भर टाकली, मग त्यावर चेंडू उसळवून पाहिला. जुन्या रेषा पुसून नव्या आखायला वेळ लागलाच. सामन्याआधी पाणी मारायचं वेळापत्रकही ठरवलं, कारण उन्हात कृत्रिम गवत फार तापतं. खरं गवत असतं तर निम्मी काळजी मिटली असती, असं मला अजूनही वाटतं.

कागदपत्रांचं सांगण्यासारखं थोडंच आहे. परदेशी क्लबला स्वतःच्या महासंघाची परवानगी लागते आणि सामन्याला यूएस सॉकरची, म्हणजे अमेरिकेच्या फुटबॉल महासंघाची मंजुरी. जपानी संघातल्या ब्राझिलियन खेळाडूंच्या व्हिसाला मुलाखतीची तारीख मिळवावी लागते, ते काम सगळ्यांत आधी सुरू करावं. आणि तारखा नेहमी होनोलुलूच्याच लिहाव्यात. मंगळवारी रात्री टोकियोहून निघालेला संघ इथे मंगळवारीच सकाळी उतरतो, त्यामुळे बस आणि हॉटेलच्या खोल्या भलत्याच दिवसासाठी राखल्या जायला वेळ लागत नाही.

बुटांबद्दल मात्र मी प्रत्येक क्लबला वेगळं पत्र लिहिलं. तळव्यांना चिकटलेली माती घेऊन येऊ नका, बूट धुऊन, वाळवून पॅक करा. हवाईतली ओहिया या स्थानिक झाडाची जंगलं एका बुरशीने मरत आहेत आणि ती बुरशी मातीतून, बुटांवरूनही पसरते. चार दिवसांच्या पाहुण्यांनी या बेटांना असा धोका देऊ नये, हे मला सामन्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. संघांनी ते मनापासून पाळलं.

प्रशिक्षकांशी खरी चर्चा झाली ती मिनिटांवर. हंगामपूर्व सामन्यात निकालापेक्षा कुणाच्या पायांत किती मिनिटं जातात, याचा हिशेब मोठा. एकाला 45, दुसऱ्याला 60, दुखापतीतून उठलेल्याला वीसच. मैत्रीपूर्ण सामन्यात दोन्ही संघांनी आपसात ठरवून रेफरीला आधी कळवलं तर जास्त बदली खेळाडू उतरवता येतात. ते आकडे आम्ही आदल्या दिवशीच्या बैठकीत लिहून घेतले. बर्फाळ थंडीतून आलेल्या संघांना इथली 27 अंशांची दमट हवा जड जाते, म्हणून प्रत्येक अर्धात पाणी पिण्यासाठी एक थांबाही तिथेच ठरवला.

मुख्य भूमीवर एखादी वस्तू कमी पडली तर शेजारच्या शहरातून ट्रक येतो. इथे जहाज येईपर्यंत थांबायचं, नाहीतर बेटावर असेल तेवढ्यात भागवायचं. म्हणून जाळी, कोपऱ्यांतले झेंडे, स्ट्रेचर अशा प्रत्येक गोष्टीचा जादा जोड आधीच आणून ठेवला होता. सामन्याच्या दिवशी एक जाळी फाटली आणि दुसरी लगेच लागली.

आता जे-लीगने 2026 पासून हंगाम ऑगस्टमध्ये सुरू करायचं ठरवलं आहे. फेब्रुवारीचा जुना मेळ जपानी क्लबांशी पूर्वीसारखा बसणार नाही. दक्षिण कोरियाची लीग अजून फेब्रुवारी-मार्चमध्येच सुरू होते, त्यामुळे पुढच्या खेपेचं पहिलं पत्र तिकडच्या क्लबांना जाईल, आणि त्यासोबत मैदानाची मापं असतील.