गोळी घेतली तर क्रूस सुटतो का?

मी वसईत घरोघरी जाऊन कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची शुश्रूषा करते. आमच्या ख्रिस्ती वाड्यांत कळ थांबवणारी गोळी पुढे केली की एक वाक्य हमखास कानावर येतं : "सिस्टर, गोळी नको. येशूने एवढं सोसलं, मला एवढं तरी सोसू दे." ईस्टरआधीच्या उपवासकाळात तर जास्तच. मग घरची माणसंही गप्प होतात, कारण क्रूसाच्या वाटेची चौदा स्थानं, म्हणजे येशूच्या दुःखाचे टप्पे आठवत करायची प्रार्थना, करून तीही नुकतीच आलेली असतात.

त्या श्रद्धेतच मी वाढले आहे. पण जितकी कळ जास्त तितकं बलिदान मोठं, हा हिशोब मला शुभवर्तमानात दिसत नाही. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत येशू दुःख मागत नाही. 'हा प्याला माझ्यापासून दूर कर' अशी विनवणी करतो, आणि मग पित्याच्या इच्छेला होकार देतो. अर्पण झालं ते त्या होकारात. बायबलमधलं इब्री लोकांस पत्रही हेच सांगतं : बैलाबकऱ्यांच्या रक्ताने पापं जात नाहीत, ख्रिस्त आला तो देवाची इच्छा पूर्ण करायला. प्रेषित पौल तर फार कडक बोलतो. शरीर जाळायला दिलं, पण प्रीती नसेल, तर काही लाभ नाही (1 करिंथ 13).

मार्क 15:23 मला पुष्कळदा ऐकवलं जातं. गंधरस घातलेला, कळ बधिर करणारा समजला जाणारा द्राक्षारस क्रूसावर चढवताना येशूने घेतला नाही, हे खरंच. पण योहानाच्या शुभवर्तमानात तोच क्रूसावरून 'मला तहान लागली आहे' म्हणतो आणि ओठांना लावलेली आंब, म्हणजे आंबट द्राक्षारस, घेतो. मरणाऱ्याचे ओठ ओले करताना मला ही ओळ आठवते.

पोप बारावे पायस यांनी 1957 साली भूलतज्ज्ञांपुढे बोलताना स्पष्ट केलं होतं की वेदनाशामक औषध घेणं ख्रिस्ती माणसाला निषिद्ध नाही. दुसरे जॉन पॉल यांनी 1984 मध्ये दुःखसहनावर सबंध पत्र लिहिलं. आपलं दुःख ख्रिस्ताच्या दुःखाशी जोडता येतं, असं ते ठामपणे मांडतात, आणि मी ते मानते. पण त्याच पत्रात पुढे येशूच्या दाखल्यातला चांगला शोमरोनी येतो, वाटेत पडलेल्या अनोळखी माणसाच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतणारा. 'सोस बाबा, पुण्य लागेल' असं म्हणून तो पुढे गेला नाही.

स्वेच्छेने थोडं सोसणाऱ्याला मी अडवत नाही. अडवते ती भीतीला, की गोळी घेतली तर देव नाराज होईल. एका मावशींना मी म्हटलं, "कळ उठली की तुमची रोझरी (जपमाळ) पहिल्या दहा मण्यांतच तुटते. गोळी घ्या, मग पुरी म्हणा." त्यांनी घेतली.

घरच्यांना एवढंच सांगते : मॉर्फिन, म्हणजे तीव्र कळ थांबवणारं औषध, कळ असह्य होईपर्यंत राखून ठेवू नका. डॉक्टरांनी दिलेल्या वेळेला द्या, रात्रीचा डोसही चुकवू नका. आणि रुग्णाच्या मनात शंका असेल तर फादरना आधीच बोलवा, शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका.