जर्सीच्या माहेरी

फ्रान्समधल्या सेंट मालोहून बोटीनं जर्सी बेटाच्या राजधानीत, सेंट हेलियरला उतरलो. भर बाजारात ब्राँझच्या गायी उभ्या आहेत. लोक त्यांच्यासोबत फोटो काढतात. हाडामांसाची गाय बघायला मात्र बेटाच्या ट्रिनिटी भागात जावं लागलं. जर्सी बेटच मुळात जेमतेम १४ किलोमीटर लांब आणि ८ रुंद, त्यामुळे लांब असं काही नाहीच.

आपल्याकडे वशिंड नसलेली कुठलीही तांबूस संकरित गाय 'जर्सी'च असते. इथली अस्सल गाय अंगानं लहानखुरी, हरणाच्या रंगाची. खोलगट कपाळ, टपोरे डोळे, काळ्या नाकाभोवती पांढरं कडं. बेटावर दुधासाठी दुसऱ्या जातीची गाय औषधालाही नाही.

याचं मूळ व्यापारात आहे. फ्रान्सची स्वस्त गुरं इथं आणून, जर्सीची म्हणून इंग्लंडात खपवायची, असा धंदा चालायचा. त्याला आळा घालायला १७८९ मध्ये बाहेरच्या गुरांवर कडक बंदी आली. म्हणजे रक्तशुद्धी वगैरे नंतरची गोष्ट. आधी बाजारातलं नाव राखायचं होतं. मला हे कारण जास्त प्रामाणिक वाटतं.

जात घडवली ती पैदासकारांच्या संस्थेनं, रॉयल जर्सी अ‍ॅग्रिकल्चरल अँड हॉर्टिकल्चरल सोसायटीनं. स्थापना १८३३ ची. प्रदर्शनात कास, पाठ, डोकं अशा एकेका अंगाला गुण देण्याची पद्धत त्यांनी लगेच बसवली आणि १८६६ पासून वंशावळीची नोंदवही ठेवली. आजही ट्रिनिटीतच त्यांचं कार्यालय आणि प्रदर्शनाचं मैदान आहे.

पुढे इथल्या गायी अमेरिकेपासून न्यूझीलंडपर्यंत गेल्या. तिथं निवड होत होत त्यांचं दूध वाढलं, बेटावरच्या मागे पडल्या. शेवटी २००८ मध्ये बाहेरच्या वळूंचं वीर्य आणायला बेटाच्या विधिमंडळानं परवानगी दिली; वंशावळीच्या नोंदवहीत मात्र शुद्ध जर्सी वळूंचीच संतती. त्यावर बरीच वादावादी झाली होती. एका गोठ्याची मालकीण, साठीची बाई, मला म्हणाली, "परकं कुठलं? आमच्याच गायींची नातवंडं ती." पटलं मला. नुसत्या वंशावळीवर गोठा चालत नाही, आणि दूधधंद्यात आता इथं मोजकीच कुटुंबं उरली आहेत.

दुधाला फॅट पाचच्या आसपास लागते, हे तिनं अभिमानानं सांगितलं. आमच्या डेअरीत गायीच्या दुधाला ३.५ फॅट धरून दर ठरतो, असं मी म्हटलं.

"साय काढून घेतल्यावर?" तिनं विचारलं.